उताऱ्याचे अंतर

मराठीत विष चढते आणि उतरते. ते उतरवणाऱ्या द्रव्याला उतारा म्हणतात. सातबाराच्या नकलेलाही उतारा म्हणतात आणि बाधा झालेल्या माणसावरून ओवाळून तिकाटण्यावर ठेवलेल्या लिंबू-भातालाही उताराच म्हणतात. एका जागेची वस्तू दुसऱ्या जागी नेणे ही कल्पना या सर्व अर्थांच्या मुळाशी आहे आणि वैद्यकीय अर्थालाही ती सोडून जात नाही, कारण विषबाधेत औषध कोणते, या प्रश्नाइतकाच ते त्या घटकेला कोठे आहे आणि कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न निर्णायक असतो. उतारा तीन प्रकारांनी काम करतो. काही उतारे विषालाच धरून निकामी करतात, जसे सापाच्या विषावरील प्रतिविष. काही उतारे शरीरातील ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशीवरील ज्या बैठकांवर विष किंवा त्याने माजवलेले रसायन बसते त्या जागा अडवतात, जसे नालॉक्सोन किंवा ॲट्रोपीन. आणि काही उतारे विषाला हातही न लावता त्याने शरीरात उडवलेला हाहाकार तेवढा शमवतात, जसे विंचूदंशावरील प्राझोसिन. हा भेद केवळ औषधशास्त्राचा नाही. कोणता उतारा गावाच्या किती जवळ नेता येईल, हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

उतारा रुग्णाच्या जवळ नेण्याचा अलीकडच्या काळातील सर्वांत चर्चिलेला प्रयोग नालॉक्सोनचा आहे. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, फेन्टानिल या अफूजन्य द्रव्यांची मात्रा अतिरेकी झाली, की मेंदूच्या देठातील श्वसनकेंद्र मंदावते आणि माणूस गाढ झोपेतच श्वास घेणे विसरतो. नालॉक्सोन त्या द्रव्याला ग्राहीवरून हुसकावून ती जागा स्वतः घेते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. १९६१ साली जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी अमेरिकेत त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला, १९७१ मध्ये त्याला तेथे मान्यता मिळाली, आणि त्यानंतरची पंचवीस वर्षे ते रुग्णालयाच्या कपाटात व रुग्णवाहिकेच्या पेटीतच राहिले. १९९६ च्या सुमारास शिकागोतील एका संस्थेने ते थेट व्यसन करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हाती देण्यास सुरुवात केली, २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशी प्राथमिक मदत करणाऱ्या सामान्य माणसांपर्यंत ते पोचावे अशी शिफारस केली, आणि मार्च २०२३ मध्ये त्याचा नाकात मारण्याचा फवारा अमेरिकेत चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. औषध तेच राहिले आणि ते देणारा हात मात्र बदलला, एवढाच या साठ वर्षांच्या इतिहासाचा अर्थ. हा बदल शक्य झाला, कारण या औषधाने चुकून नुकसान होण्याची शक्यता फार थोडी असते: अंगात अफूजन्य द्रव्य नसेल, तर नालॉक्सोन जवळजवळ काहीच करत नाही.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांच्या संदर्भात मात्र हा प्रयोग जसाच्या तसा उचलून आणणे ही वैचारिक आळसाची खूण ठरेल. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य द्रव्ये घेतात, परंतु हा भार ईशान्येकडील राज्ये, पंजाब, हरियाणा अशा ठिकाणी अधिक आहे. पुणे जिल्ह्याचे नाव २०२४ च्या फेब्रुवारीत अमली पदार्थांच्या बातम्यांत गाजले ते दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या कारखान्यातून पकडलेल्या मेफेड्रोनमुळे, आणि मेफेड्रोन हे उत्तेजक द्रव्य असल्याने त्यावर नालॉक्सोनचा काडीचाही उपयोग नाही. या डोंगरांत माणसे अवेळी दगावतात ती वेगळ्या विषांनी: घोणस, मण्यार, नाग, फुरसे, लाल विंचू आणि फवारणीची औषधे. या विषांवरही उतारे आहेत, त्यांपैकी काही तर शंभर वर्षांहून जुने आहेत. तेव्हा नालॉक्सोनने जगापुढे ठेवलेला प्रश्न या तालुक्यांत विचारायचा, तो या उताऱ्यांबद्दल.

भूगोलाचा विचार येथे प्रथम करावा लागतो. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे ठाणे होते. वेल्हे तालुका तोरणा आणि राजगड या किल्ल्यांच्या पायथ्याचा, आणि अलीकडे त्याला राजगड हेच नाव देण्याचा निर्णय झालेला आहे. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे ही जुनी नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत, आणि ती सार्थ आहेत, कारण येथील वस्ती खोऱ्याखोऱ्यांत विभागलेली असून एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड चढावी लागते किंवा खाली हमरस्त्यापर्यंत उतरून पुन्हा वर यावे लागते. त्यात धरणांची भर पडली. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघरने वेळवंडीचे खोरे बुडवले, पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी आली. पाणी खालच्या मुलखाला गेले आणि वरच्या गावांच्या नशिबी फुगवट्याला वळसा घालणारे रस्ते आले. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमधले अंतर रुग्णाला घेऊन निघालेल्या जीपला कितीतरी पटींनी कापावे लागते.

२०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. या हिशेबाने वेल्ह्याच्या वाट्याला तीनच्या आत-बाहेर केंद्रे येतात, आणि निकष पाळला गेला असे कागदावर समाधानाने लिहिता येते. परंतु हा निकष डोक्यांचा आहे, अंतराचा नाही. विरळ वस्तीच्या मुलखात डोकी मोजून केंद्रे दिली, की प्रत्येक केंद्राचा परीघ आपोआप लांबतो, आणि विषाला लोकसंख्येची घनता कळत नाही. भोरला उपजिल्हा रुग्णालय, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आणि त्यापुढे पुण्याचे ससून, अशी वरची साखळी आहे. वेल्ह्याहून पुणे साठेक किलोमीटर आणि भोरहून पन्नासेक. केळद किंवा हिरडोशीकडच्या वाडीतून निघालेल्या माणसासाठी ही साखळी दुसऱ्या कड्यापासून सुरू होते, कारण पहिले कडे म्हणजे रात्री वाहन मिळणे.

सर्पदंशाची व्याप्ती किती, हे भारताला फार उशिरा कळले. रुग्णालयांच्या नोंदींत वर्षाला हजार-दोन हजार मृत्यू दिसत, कारण जे रुग्णालयापर्यंत पोचलेच नाहीत ते नोंदीतही पोचले नाहीत; घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’वर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, सर्पदंशाने मेल्याचा अंदाज दिला. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि पावसाळ्यात घडले. मावळात याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही: मृग लागला की खाचरे, बांध, तरवे यांत माणसांचे हात-पाय आणि बेडूक-उंदरांमागे आलेली घोणस एकाच चिखलात वावरतात, आणि रात्री धान्याच्या कणगीजवळ भुईवर अंथरूण टाकणाऱ्यांना मण्यार अंथरुणातच गाठते. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे लोक अपचनाचे औषध शोधत असतात.

घोणस, मण्यार, नाग आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर मिळून एकच प्रतिविष दिले जाते. तमिळनाडूत १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेने काढलेले विष थोड्याथोड्या मात्रेने घोड्यांना टोचले जाते, घोड्याच्या रक्तात त्या विषाला धरणारी प्रतिद्रव्ये तयार होतात, आणि ती वेगळी करून कुपीत भरली जातात. मुंबईच्या हाफकिन संस्थेची ही परंपरा जुनी आहे आणि तिचे घोडे पिंपरीला, म्हणजे या तालुक्यांपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहेत. प्रतिविषाच्या एका मिलिलिटरने घोणस किंवा नागाचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी होते. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. १० मिलिलिटरच्या दहा कुप्या म्हणजे ६० मिलिग्रॅमची बरोबरी, आणि सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या का लागतात, हे या साध्या त्रैराशिकात आहे. लहान मुलालाही तेवढ्याच लागतात, कारण साप माणसाचे वजन पाहून विष मोजत नाही. ज्या कपाटात चार कुप्या आहेत त्या कपाटात प्रतिविष ‘उपलब्ध’ आहे असा अहवाल पाठवता येतो, पण एकाही रुग्णाचा पहिला डोस त्यात पूर्ण होत नाही.

कुप्या पुरेशा असल्या, तरी दुसरी अडचण उरतेच, आणि तिचा उच्चार सरकारी कागदांत क्वचित होतो: ती भीतीची आहे. घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके असल्याने काही रुग्णांना प्रतिविष चढवताना अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो. त्यावर ॲड्रेनलिनचे ०.५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन स्नायूत तत्काळ दिले, तर बहुतेक रुग्ण सावरतात. परंतु रात्री दोन वाजता एकटा असलेला, नुकताच पदवी घेऊन आलेला वैद्यकीय अधिकारी, बाहेर जमलेले पन्नास नातेवाईक आणि उपचाराने रुग्ण दगावला तर होणारा बोभाटा, या सर्वांचा विचार केला म्हणजे ‘पुढे न्या’ हे दोन शब्द इतके सोपे का होतात, ते कळते. रेफर केलेला रुग्ण वाटेत गेला, तर दोष सापाचा. केंद्रात गेला, तर डॉक्टरचा. हा हिशेब बदलल्याविना कुप्यांची संख्या वाढवून फार काही साधणार नाही. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर तालुक्याच्या पातळीवर उपचार करत आणि इतर डॉक्टरांना शिकवत हे धाडस शिकवता येते, हे दाखवून दिलेले आहे. निदानासाठी लागणारे साधनही जवळजवळ फुकट आहे: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची, रक्त गोठले नसेल, तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात आहे. नळी काचेचीच हवी आणि ती साबणाने धुतलेली नसावी, एवढीच अट.

उतारा गावाकडे सरकवण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र सापाचे नसून विंचवाचे आहे, आणि ते भोरच्या शेजारचेच आहे. वरंधा घाट उतरून बिरवाडीवरून महाडला जाणारा रस्ता भोर तालुक्यातूनच निघतो. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाचा दंश झालेली धडधाकट माणसे आणि मुले घाम, ओकाऱ्या आणि गार पडलेले हातपाय घेऊन येत आणि काही तासांत तोंडाला गुलाबी फेस येऊन मरत. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके यांच्या नोंदी ठेवल्या आणि मरण विंचवाच्या ‘विषाने’ नव्हे तर त्याने खवळलेल्या मज्जासंस्थेमुळे येते, असे मांडले: मज्जातंतूंतून उत्तेजक रसायनांचा पूर सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त लोटताना हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. या पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात आला.

पुढची पायरी या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. वाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध त्यांनी आधी वापरले आणि रुग्ण वाचलेही. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने, उजेडापासून झाकून, दर काही मिनिटांनी रक्तदाब पाहत द्यावे लागते, म्हणजे ते अतिदक्षता विभागाचे औषध आहे. वाहिन्यांच्या स्नायूंवरील आल्फा-ग्राही अडवून त्या सैल करणारी, उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिनची गोळी तेच काम तोंडावाटे करते, हे त्यांनी हेरले आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, रुग्णाला आडवे ठेवून: एवढ्यात बसणारा हा उपचार. मृत्यूंचे प्रमाण शंभरात एक-दोनवर आले. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास दहा तासांत पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर जाते, असेही त्यांनी दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या संशोधनाचे कौतुक बहुधा ‘खेड्यातून लॅन्सेटपर्यंत’ अशा शब्दांत केले जाते, पण ते उलट्या दिशेने वाचणे अधिक योग्य होय: मोठ्या रुग्णालयाचे औषध बाजूला ठेवून त्याच गुणाचे, खिशात मावणारे औषध त्यांनी निवडले, आणि नालॉक्सोनला अतिदक्षतेतून नाकाच्या फवाऱ्यापर्यंत यायला जेवढी वर्षे लागली, त्यापेक्षा कितीतरी थोड्या काळात घाटाखालच्या तालुक्यात उताऱ्याचे अंतर कापले गेले.

कीटकनाशकांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. सेंद्रिय फॉस्फरस गटातील फवारणीच्या औषधांनी डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, छाती पाण्याने भरते. ॲट्रोपीन हा त्यावरील उतारा स्वस्त आहे आणि प्रत्येक केंद्रात असतो, परंतु छाती कोरडी होईपर्यंत तो देत राहावा लागतो आणि गंभीर रुग्णाला ०.६ मिलिग्रॅमच्या दोन-चार नव्हे, डझनावारी कुप्या लागतात. शिवाय बाजारातील सर्वच कीटकनाशके या गटातली नाहीत आणि कित्येकांवर नेमका उतारा अस्तित्वातच नाही, हे २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले तेव्हा साऱ्या राज्याला कळले. येथे बाटलीवरची चिठ्ठी दवाखान्यात सोबत नेणे, हाच अर्धा उपचार.

तात्पर्य हे की प्रत्येक उताऱ्याचे अंतर निराळे आहे आणि ‘सर्वत्र उपलब्धता’ हा शब्दप्रयोग हे निराळेपण झाकून टाकतो. प्राझोसिनची गोळी उपकेंद्रातील परिचारिकेपर्यंत जाऊ शकते. ॲट्रोपीनचा पहिला डोस प्राथमिक केंद्रात, पुढचे रुग्णवाहिकेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेत डॉक्टर असतो, ही महाराष्ट्राची जमेची बाजू. प्रतिविष मात्र जेथे ॲड्रेनलिन, प्राणवायू आणि ते वापरण्याचा धीर असलेला माणूस आहे, त्याच्या खाली नेता येत नाही. आशा सेविकेच्या पिशवीत ते देणे ही हौस ठरेल. मण्यारीच्या रुग्णाला तर प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वासही लागतो, आणि भोरपासून ससूनपर्यंत रुग्णवाहिकेत हाताने फुगा दाबत बसणारी व्यक्ती हाच अनेकदा खरा उतारा असतो. गावात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे काय करू नये याचे ज्ञान: आवळून दोरी न बांधणे, जखम न चिरणे, दंशाचा अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे स्थिर ठेवून निघणे. हे ज्ञान भगताला वगळून पोचत नाही. रात्रीच्या पहिल्या तासात लोक ज्याच्याकडे जातात तो तोच आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने डॉक्टर आणि आशा सेविकांबरोबर भगतांनाही विश्वासात घेतले, आणि तेथील सर्पदंशाचे मृत्यू घटले. मंत्र म्हणू द्यावा, पण गाडी निघाल्यावर गाडीत म्हणावा, ही तडजोड शास्त्राला कमीपणा आणणारी नाही.

धोरण अलीकडे जागे झाले आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. दुसरीकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या चमूने दाखवून दिले आहे, की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि मुख्यतः तमिळनाडूतील सापांच्या विषावर बनलेले प्रतिविष अन्यत्र तितके प्रभावी ठरत नाही. म्हणजे अंतर केवळ कुपी आणि रुग्ण यांच्यात नाही, कुपी आणि साप यांच्यातही आहे. सह्याद्रीतील चापडा या सापाच्या विषावर तर या कुपीचा इलाजच चालत नाही. राज्य सरकार सर्पदंशाने मृत्यू पावलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून २ लाख रुपये देते आणि त्या अर्जाला शवविच्छेदनाचा अहवाल व सातबाराचा उतारा जोडावा लागतो. मेल्यानंतरचा हा उतारा तलाठ्याकडे आता संगणकावर क्षणात निघतो.

औषधांची मागणी आणि पुरवठा यांचे वर्ष मार्च-एप्रिलला वळते, आणि मावळातले विषाचे वर्ष मृगाला सुरू होऊन भात झोडपून कणग्यांत पडेपर्यंत चालते. पावडर स्वरूपातील प्रतिविष थंडपेटीविना कित्येक वर्षे टिकते, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस खालच्या, रस्त्यालगतच्या केंद्रांतील साठा वरच्या केंद्रांकडे हलवणे आणि दिवाळीनंतर तो परत खाली आणणे हे अवघड काम नाही. गुराखी ढोरे जशी चराईसाठी हलवतात तसेच ते आहे. त्यासाठी लागते ती एक वही, प्रत्येक कुपीची मुदत लिहिलेली, आणि कपाटाची दुसरी किल्ली, जी रात्री केंद्राच्या आवारात मुक्कामाला असणाऱ्या माणसाकडे असते.